दस्त्यावरचा एकच आकडा

मित्रांनो, माझं नाव विचाराल तर मला नाव नाही, आकडा आहे. तो माझ्या पोलादात ठोकलेला आहे आणि त्याच्याशेजारी टी हे इंग्रजी अक्षर आहे. ज्या रायफलीवर दुर्बीण बसायची तिलाच हे अक्षर मिळायचं. मी इंग्लंडातली, दुसऱ्या महायुद्धातली, दबा धरून दुरून नेम साधणाऱ्या शिपायासाठी घडवलेली रायफल. आता म्हातारी झाले. म्हातारपणी आपली हकिगत सांगायची खोड लागते, तशी मलाही लागली आहे. पण माझी पंचाईत वेगळीच. सांगण्यासारखं म्हणतात ते माझ्या बाबतीत कधी घडलंच नाही, आणि जे घडलं नाही तेच लोक माझ्या देखत वर्षानुवर्षं सांगत राहिले.

माझा जन्म बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यात झाला. पुरुष लढाईवर गेले होते, त्यामुळे डोक्याला रुमाल बांधलेल्या बायकाच आम्हाला घडवत होत्या. रेडिओवर गाणं लागलं की साऱ्या जणी एकदम सूर धरायच्या, आणि कोणी बेसूर झाली की तिची इतकी थट्टा व्हायची की बिचारी दुसऱ्या दिवशी तोंड उघडत नसे. माझा दस्ता बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा. मला जोडून झाल्यावर नेमाच्या परीक्षेला नेलं. कागदावर माझ्या साऱ्या गोळ्या एका छोट्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ पडल्या. परीक्षक शीळ घालून म्हणाला, "अरे, ही बाजूला काढा रे. ही खास आहे."

मी काय फुशारले म्हणून सांगू! माझ्याबरोबरच्या साध्या बहिणी पेट्यांत भरून आगगाडीने निघून गेल्या. मला मात्र खास म्हणून फळीवर उभं केलं, आणि मी उभीच राहिले. खास म्हणून ठेवलेल्या वस्तूंचं काय होतं ते तुमच्या घरच्या कपाटातल्या कपबश्यांना विचारा. पाहुणे येतात नि जातात, त्या मात्र आतच. एक उन्हाळा गेला, हिवाळा गेला, परत उन्हाळा आला. त्याच उन्हाळ्यात, चव्वेचाळीस साली, आपलं सैन्य समुद्र ओलांडून फ्रान्सच्या किनाऱ्यावर, नॉर्मंडीत उतरलं. कारखान्यातल्या बायका काम थांबवून बातम्या ऐकत होत्या, आणि मी फळीवरच होते.

शेवटी एकदाची माझी पाळी आली. लंडनमधल्या एका नामांकित बंदूकवाल्यांच्या दुकानात मला धाडलं. तिथल्या कारागिरांनी माझ्या अंगावर दुर्बिणीसाठी लोखंडी पकड बसवली. नेम धरताना गाल टेकायला दस्त्यावर लाकडाचा उंचवटा, म्हणजे गालपट्टी, स्क्रूने जडवला. दस्त्याच्या खालच्या अंगाला त्या दुकानाची बारीकशी खूण ठोकली. मग दुर्बीण आली. आमचं लग्नच लागलं म्हणा ना. दुर्बिणीच्या पकडीवर माझा आकडा ठोकला, आणि माझ्या दस्त्याच्या बारीक भागावर, जिथे मूठ धरतात तिथे, दुर्बिणीचा आकडा ठोकला. कारण एका दुर्बिणीचा नेम दुसऱ्या रायफलीला जुळत नाही. लढाईत दुर्बीण फुटली तर लष्कराचा कारागीर दुसरी बसवायचा, माझ्यासारखीच्या दस्त्यावरचा जुना आकडा आडवी रेघ मारून खोडायचा आणि त्याच्याखाली नवा ठोकायचा. हा रिवाज नीट ध्यानात ठेवा, मित्रांनो. पुढे सगळा निकाल ह्याच्यावरच लागला.

दुर्बिणीसकट मला लांब लाकडी पेटीत घातलं आणि झाकण लावलं. त्याच आठवड्यात बाहेर रस्त्यावर लोक नाचायला लागले. घंटा वाजत होत्या, बाया-माणसं अनोळखी लोकांना मिठ्या मारत होती. युद्ध संपलं होतं.

सगळ्या जगाला आनंद झाला, आणि मी आपली पेटीत पडून हिरमुसले. खोटं कशाला सांगू? मला लाज वाटली. मग लष्कराच्या कोठारात घट्ट ग्रीसमध्ये माखून मला ठेवून दिलं. शेजारी आघाडीवरून परतलेल्या रायफली होत्या. कोणाच्या दस्त्याला तडा गेलेला, कोणाच्या अंगावर चिखल तसाच वाळलेला. त्यांच्याजवळ मी अगदी कोरी करकरीत. लढाईच्या नावाखाली मी केलं होतं काय, तर कागदाला भोकं पाडली होती.

अशी कित्येक वर्षं गेली आणि लष्कराने जुना माल विकायला काढला. नॉर्विचच्या एका दुकानदाराने आम्हाला घेतलं. तिथे एका शनिवारी एक लाल नाकाचा, रुंद खांद्यांचा माणूस आला. सिरिल पास्क त्याचं नाव. जवळच्याच खेड्यात बिटाची शेती करायचा आणि तिथल्या नेमबाजी क्लबात जायचा. त्याने मला उचललं, दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला आणि तसाच उभा राहिला.

"काय साहेब, जमतंय का?" दुकानदाराने विचारलं.

"हिच्यासारखीच होती माझी," सिरिल म्हणाला.

नीट ऐका हं. हिच्यासारखी, असं तो म्हणाला. ही, असं नाही.

हळूहळू मला कळलं ते असं. नॉर्मंडीत सिरिल आणि त्याच्याच गावचा पर्सी गेज अशी दोघांची जोडी होती. दोघांत एक रायफल. एक जण दुर्बिणीतून टेहळायचा, दुसरा नेम धरायचा, आणि ते आळीपाळीने करायचे. एका सकाळी पर्सी म्हणाला, "जा रे, चहा घेऊन ये. माझा घसा सुकलाय." सिरिल चहा आणायला मागे गेला, आणि तेवढ्यात कुंपणाच्या झुडपांवर तोफेचा गोळा पडला. पर्सीही गेला, रायफलही गेली. पर्सीचं काहीच हाती लागलं नाही. घरी धाडायला साधं घड्याळसुद्धा मिळालं नाही.

सिरिलने मला घरी आणलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी पर्सीची बहीण डोरीन सायकल हाणत आली. लढाईच्या वेळी ती शाळकरी पोर होती, आता गावच्या टपाल कचेरीत काम करायची. तिने ओला कोटही काढला नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी पडले होते. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सिरिलची बाही घट्ट धरली.

"हीच का रे ती? पर्सीच्या हातात होती ती हीच ना? सांग ना, सिरिल!"

चुलीवरची किटली शिट्टी घालायला लागली होती. सिरिलने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "हीच ती."

डोरीनने माझ्या गालपट्टीवर हात ठेवला आणि ती इतकी रडली की सिरिलच्या बायकोने किटली तशीच उतरवून ठेवून तिला पोटाशी धरलं. ती गेल्यावर सिरिल माझ्याजवळ येऊन बसला. मग हळूच म्हणाला, "आता तुलाच ती व्हावं लागेल, बाई."

आणि मी झाले! काय करणार? मला तोंड असतं तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं की अहो, मी नाही ती, मी तेव्हा बर्मिंगहॅमला फळीवर उभी होते. पण मला तोंड नाही. गावभर गोष्ट झाली. क्लबात नवीन माणूस आला की त्याला माझ्यापुढे उभं करायचे, "ही सिरिल आणि पर्सीची रायफल. नॉर्मंडीला होती." लोक टोपी काढायचे. दर नोव्हेंबरात, युद्धात मेलेल्यांच्या आठवणीचा जो रविवार असतो त्या दिवशी, डोरीन कोटाला लाल कागदी फूल लावून यायची आणि माझ्यावर हात ठेवून उभी राहायची. तिचा तो हात मला फार जड वाटायचा. न केलेल्या कामाची शाबासकी पोटात खुपते.

तरी सिरिलने मला जपलं म्हणजे किती जपलं! दर रविवारी जेवण झालं की तो मला मांडीवर घ्यायचा आणि अळशीचं तेल तळहातावर घेऊन दस्त्याला चोळायचा. त्याची बायको म्हणायची, "ह्या घरात दोन बायका आहेत, आणि त्यातली लाकडाची आहे तिचेच लाड होतात." तेलावर तेल चढत गेलं. दस्ता काळाभोर, गुळगुळीत झाला. दुर्बिणीचा आकडा त्या थराखाली पार बुजून गेला. त्याने हे मायेने केलं की भीतीने, ते मला अजूनही कळलेलं नाही.

पुढे सिरिलची बायको गेली. मग दोन वर्षांनी सिरिलही गेला. त्याची मुलगी हिलरी क्लबात येणारी होती, तिच्याकडे परवाना होता. पण माझ्याकडे बघितलं की तिला बाप आठवायचा, म्हणून तिने मला क्लबाच्या लोखंडी कपाटात ठेवलं आणि तिकडे फिरकलीच नाही. दिवाळखोराच्या घरचं भांडं जसं कोपऱ्यात पडतं तशी मी पडले. नळीच्या तोंडाशी गंजाचे ठिपके धरले. अंगाला कोणी तेल लावीना, कोणी बोलेना. मित्रांनो, गंजापेक्षा ते न बोलणं फार लागतं.

एके दिवशी कपाट उघडलं ते एका बातमीने. शहरातल्या रेजिमेंटच्या संग्रहालयाने कळवलं होतं की ही रायफल खरोखरच सिरिल आणि पर्सीची असेल तर आम्ही ती ठेवून घेऊ, आणि शेजारी पर्सीचा फोटो लावू. फक्त जाणकाराकडून तपासून घ्या. डोरीनला तर आभाळ ठेंगणं झालं. ती आता ऐंशीची झाली होती. भावाचा फोटो भिंतीवर लागलेला बघायचा आणि मग खुशाल डोळे मिटायचे, एवढीच तिची इच्छा उरली होती.

तपासायला नेव्हिल हेलॉक आले. जुन्या रायफली पारखण्यात त्यांचं नाव होतं आणि ते त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. क्लबाच्या लाकडी खोलीत हिटर लावलेला, खिडकीला वाफ धरलेली. हिलरी होती, क्लबाचा सेक्रेटरी बेसिल होता, आणि डोरीन केक कापत होती.

"हल्ली खोट्यांचा सुळसुळाट आहे बघा," हेलॉकसाहेब केकचा तुकडा तोंडात टाकत म्हणाले. "साधी रायफल घ्यायची, नवी पकड बसवायची, टी ठोकायचा, की झाली खास! परवा एकाने दाखवली, टी इतका ताजा की बोटाला लागला. त्याला म्हटलं, बाबा रे, शाई तरी वाळू द्यायची होतीस."

"साहेब, आमच्या सिरिलची अशी नाही हो," बेसिल म्हणाला. "तो माणूस चहातसुद्धा साखर मोजून घालायचा, खोटी रायफल कुठून आणणार?"

हेलॉकांनी मला गादीवर आडवं केलं. भिंग डोळ्याला लावलं. आधी अंगावरचा टी पाहिला. "हा जुना. कडा बघा कशा झिजल्यात." मग पकड पाहिली, तिच्यावरचा माझा आकडा पाहिला. "जुळला." मग गालपट्टीचे स्क्रू. "ह्यांना पेचकस लागलेलाच नाही. वा!" त्यांचा आवाज चढत गेला. मला एरवी ह्या कौतुकाने गुदगुल्या झाल्या असत्या, पण त्या दिवशी माझं पोलाद गार पडत चाललं होतं. मला माहीत होतं ते आता कुठे जाणार आहेत.

त्यांनी दुर्बीण फिरवली आणि थबकले. "हिच्यावर पंचेचाळीस साल आहे."

"ती मागून बदललेली आहे," हिलरी चटकन म्हणाली. "बाबा नेहमी सांगायचे. आधीची नॉर्मंडीत फुटली."

"असेल की. पुष्कळदा व्हायचं तसं," हेलॉक म्हणाले. "मग इथे दस्त्यावर जुना आकडा खोडलेला असणार आणि खाली नवा. दोन आकडे दिसले की तुमच्या बाबांची गोष्ट पक्की. पण हे तेल! अहो, लोणचं घातलंय का हिचं?"

सगळे हसले. डोरीनही हसली आणि "थांबा, ताजा चहा टाकते," म्हणत आतल्या खोलीत गेली.

हेलॉकांनी चिंधीला जरासं टर्पेंटाइन लावलं आणि अगदी हलक्या हाताने माझ्या दस्त्याचा तो बारीक भाग पुसायला सुरुवात केली. सिरिलचे रविवार एकेक करून चिंधीवर उतरत होते. हिलरी वाकून बघत होती. मग त्यांनी बॅटरी तिरपी धरली, आणि लाकडात अंक उमटले.

एकच आकडा. तोच, जो दुर्बिणीवर होता. त्याच्या वर काही नाही, खाली काही नाही, खोडल्याची रेघ नाही.

हेलॉकांनी भिंग खाली ठेवलं.

"दस्ताच बदललेला असेल," हिलरी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तसं असू शकतं ना? जुना दस्ता तुटला, म्हणून नवा घातला, म्हणून एकच आकडा."

हेलॉकांनी मला उलटं केलं आणि दस्त्याच्या खालची बारीक खूण तिला दाखवली. "ही लंडनच्या दुकानाची. लष्कराच्या कारागिराने दस्ता बदलला असता तर ही नसती. हिलरीबाई, जन्मापासून हिला हाच दस्ता आहे, आणि हिची पहिली दुर्बीणही हीच आहे. हिचा स्क्रूसुद्धा कोणी हलवलेला नाही. इतकी अस्सल रायफल मी दहा वर्षांत पाहिली नाही." मग ते खाली बघत म्हणाले, "आणि म्हणूनच ही नॉर्मंडीत नव्हती. तेव्हा हिला दुर्बीणच नव्हती."

मित्रांनो, जगात कोणाला आपली वस्तू अस्सल निघाल्याचं दुःख झालेलं तुम्ही ऐकलंय का? मी पाहिलंय. हिलरी खुर्चीत मटकन बसली.

"एखादा तरी भाग खोटा निघू दे म्हणत होते मी," ती म्हणाली. "म्हणजे बाबा खोटे बोलले?"

बेसिलने आतल्या दाराकडे नजर टाकली आणि खाली वाकून कुजबुजला, "अगं, खोटे-बिटे काय, म्हातारपणी माणसाचा घोळ होतो. आणि कोण विचारतंय आता? साहेब, तुम्ही नुसतं अस्सल आहे म्हणा ना. ते तर खरंच आहे."

"मी तेवढंच म्हणू शकतो," हेलॉक सावकाश म्हणाले. "मला रायफल तपासायला बोलावलंय. गोष्ट तपासायला नाही. बाकी तुम्ही ठरवा."

"झालं तर मग!" बेसिल म्हणाला. "संग्रहालय खूश, पर्सीचा फोटो लागेल, डोरीन सुखाने जाईल. कोणाचं काय बिघडलं?"

आत कपांचा आवाज येत होता. डोरीन स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. हिलरी माझ्याकडे बघत राहिली. तिला गप्प बसायचं होतं, मला ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. आणि खरं सांगते, मलाही वाटलं, बस गप्प. इतकी वर्षं मी ती झाले, अजून चार वर्षं होईन. म्हातारीचं मन कशाला मोडायचं?

डोरीन ट्रे घेऊन आली. "असे काय रे बसलाय सगळे? कोणी मेलंय का?"

"डोरीनआत्या," हिलरी उठून म्हणाली, "ट्रे खाली ठेव आधी. ही ती रायफल नाही."

"म्हणजे?"

"पर्सीकाकांच्या हातात होती ती ही नाही. ही तेव्हा तयारच झाली नव्हती. बाबा चुकले, नाहीतर... नाहीतर खोटं बोलले. मला माहीत नाही. पण तुला माहीत नसताना मी पर्सीकाकांचा फोटो हिच्याशेजारी लावू शकत नाही गं." आणि ती रडायला लागली.

बेसिलने कपाळावर हात मारला. डोरीन ट्रे धरून तशीच उभी होती. हेलॉकांनी उठून तो तिच्या हातातून काढून घेतला.

"सिरिलने मला फसवलं?" ती म्हणाली. तिचा चेहरा रागाने लालबुंद झाला. "इतकी वर्षं? दर नोव्हेंबरात मी वेडी येऊन हिच्यापुढे उभी राहायचे, आणि हा शेजारी उभा राहून बघत होता? मेला नसता तर आत्ता त्याच्या कानाखाली वाजवली असती!"

डोरीन खुर्चीवर बसली. रुमालाने नाक पुसलं. मग तिचा आवाज बदलला.

"नाही गं," ती म्हणाली. "फसवलं नाही. मीच विचारलं होतं. आणि कसं विचारलं होतं ते तुला ठाऊक नाही, तू तेव्हा पाळण्यात होतीस. बाही धरून विचारलं होतं मी. नाही म्हणायला त्या माणसाला जागाच ठेवली नव्हती." ती थांबली. "चहा आणायला गेला आणि वाचला, ह्याचं त्याला आयुष्यभर वाटत राहिलं. त्याच्याजवळ दुसरं काय होतं मला द्यायला?"

हिलरीने तिचे दोन्ही हात धरले. मला वाटलं, झालं, आता हिचं माझ्याशी काही नातं उरलं नाही. आता मी कोण? दुकानातला माल. डोरीनने मात्र माझ्याकडे पाहिलं, पण नेहमीसारखं नाही. नेहमी ती माझ्यातून पलीकडे कुठेतरी बघायची. त्या दिवशी तिने मला बघितलं.

"मग ही कोणाची?" तिने हेलॉकांना विचारलं. "हिला कोणी नेलं होतं लढाईवर?"

साऱ्या आयुष्यात कोणी हे विचारलं नव्हतं, मित्रांनो.

"कोणी नाही," हेलॉक म्हणाले. "ही तयार झाली तोवर लढाई संपली होती. कोठारात पडून राहिली. नंतर सिरिलनी घेतली. हिने आयुष्यभर कागदावरच नेम धरलाय."

मी शरमेने मान खाली घातली असती, पण मला ती नाही. हेच तर मी इतकी वर्षं लपवत होते.

डोरीन मात्र ताठ बसली. "म्हणजे हिने कोणाला मारलेलं नाही?"

"नाही."

"एकालाही नाही?"

"एकालाही नाही, बाई."

"म्हणजे तिकडे जर्मनीत," डोरीन म्हणाली, "हिच्यामुळे कोणाचा पर्सी गेला नाही. हिच्यापायी माझ्यासारखी एकही बहीण कुठे बसलेली नाही." तिने डोळे पुसले. "मी हिच्यावर हात ठेवायचे ना, तेव्हा दर वेळी मनात यायचं, की हिने किती जणांचे भाऊ नेले असतील. पर्सीची म्हणून माया करायचे आणि मनातून घाबरायचे हिला. कोणाला बोलले नाही कधी. सिरिललासुद्धा नाही."

हेलॉकसाहेबांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले.

संग्रहालयाला सगळं खरं कळवलं. त्यांनी पर्सीचा फोटो लावला नाही. गोष्टच नाही तर फोटो कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. डोरीनला ते लागलं. पण मला मात्र त्यांनी ठेवून घेतलं, कारण एकही भाग न बदललेली, जन्मली तशी राहिलेली रायफल त्यांच्याकडे एकही नव्हती. माझ्या कपाटाखाली पाटी लावायची होती. तिथल्या बाईंनी काय लिहायचं ते सारं लिहिलं, कारखाना, साल, दुर्बीण, आणि डोरीनला दाखवलं. तिने शेवटी एक ओळ घालायला लावली. बाई म्हणाल्या, असं आम्ही लिहीत नसतो. डोरीन म्हणाली, मग मीही इथून उठत नसते.

तुमच्याएवढी मुलं येतात. काचेला नाक लावून विचारतात, "हिने किती मारले?" मग पाटी वाचतात आणि त्यांचे चेहरे पडतात. पडू देत. मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल तर तिला चकाकवायला म्हणून घासू नका, तिच्यावर नवा रंग चढवू नका, आणि न घडलेला पराक्रमही चढवू नका, मग तो कितीही मायेने चढवलेला असो. तिला आधी नुसतं विचारा, बाई, तुझं काय झालं? उत्तर साधं निघालं तरी तेच तिचं. माझं निघालं ते पाटीच्या शेवटच्या ओळीत आहे. डोरीनने सांगितलं तसंच, तिच्याच शब्दांत. 'हिच्यामुळे कोणाचा भाऊ गेला नाही.' ही ओळ तेवढी कोणी कधी पुसू नका, एवढंच माझं तुमच्याकडे मागणं आहे.